दाराबाहेरचा थोरला

उपवासकाळ आला की उधळ्या पुत्राचा दाखला आपण हमखास ऐकतो, आणि धाकटा घरी पोचला की ऐकणं थांबवतो. लूकच्या 15व्या अध्यायातली ती गोष्ट तिथे संपत नाही.

बाप जिवंत असताना धाकट्याने वाटणी मागितली. बापाने दिली. पोरावर डुकरं राखायची पाळी आली, तरी त्याला धरून आणायला बापाने चाकर धाडले नाहीत. परतायचं पोराने स्वतः ठरवलं. पण तो दूर असतानाच बाप धावत सुटला. मजूर म्हणून ठेवा, असं म्हणायची उसंतही त्याने दिली नाही. माणूस स्वतः परततो की देव त्याला परत आणतो, यावर चर्चमध्येही वाद झाला: पेलागियसने माणसाच्या इच्छेवर भर दिला, ऑगस्टीनने देवाच्या कृपेवर. 529 मध्ये ऑरेंजच्या धर्मसभेने कृपाच आधी येते असं ठरवलं आणि देवाने कुणाला दुष्टपणासाठी नेमून ठेवलं आहे, ही कल्पना धिक्कारली. मला हा निवाडा दाखल्याशी इमान राखणारा वाटतो.

कृपेचं झालं; आणि न्याय? तो धाकट्याच्या मेजवानीला आत न येता दाराबाहेर थांबलेल्या थोरल्या भावाच्या तोंडी आहे. इतकी वर्षं राबूनही त्याला साधं करडू मिळालं नाही. तक्रार खोटी नाही. (नेमाने उपासनेला येणारे आपण बरेच जण त्याच्याच शेजारी उभे आहोत.) बाप त्याला दटावत नाही. बाहेर येऊन विनवतो, सगळं तुझंच आहे म्हणतो. हाताला धरून ओढत मात्र नाही.

थोरला आत गेला की नाही, हे लूकने लिहिलेलं नाही.