प्रेक्षकाला शरीर असतें

पदार्थसंग्रहालयें उभारणाऱ्या विद्वानांची प्रेक्षकाविषयींची कल्पना मोठी चमत्कारिक आहे. त्यांच्या मतें प्रेक्षक म्हणजे दोन डोळे. आणि ते डोळे एका दालनांतून दुसऱ्या दालनांत वाहून नेण्याची सोय व्हावी म्हणून खालीं जोडलेले दोन पाय. या पायांना कळा लागतात, मानेला रग लागते, कंबर धरते, या गोष्टी त्यांच्या शास्त्राच्या कक्षेबाहेरच्या. बोस्टनच्या कलासंग्रहालयाचे चिटणीस बेंजामिन गिलमन यांनीं १९१६ सालीं या शिणावर एक लेख प्रसिद्ध केला. कपाटांतील वस्तू व त्यांखालच्या चिठ्ठ्या नीट पाहावयाच्या तर माणसाला किती वांकावें, किती उकिडवें बसावें लागतें, याचीं छायाचित्रेंच त्यांनीं घेतलीं होतीं. त्या भल्या गृहस्थाचे हाल पाहिले म्हणजे प्रदर्शन पाहणें आणि जात्यावर बसणें यांत अंतर तें किती, असा प्रश्न पडतो. तेव्हां प्रदर्शनांत शरीराला प्रवेश द्यावा कीं न द्यावा हा वादच मुळीं खोटा आहे. शरीर तिकीट काढून आंत आलेलेंच असतें. त्याला चोरासारखें वागवावयाचें कीं पाहुण्यासारखें, एवढेंच काय तें ठरावयाचें उरतें.

अलीकडे शरीराच्या कैवाराची एक लाट आली आहे खरी. पण तिचें स्वागत करण्यापूर्वीं तिची थोडी झडती घेणें अवश्य आहे. ‘स्वतःच्या शरीराची जाणीव करून देणारें प्रदर्शन’ अशी जाहिरात वाचून आंत जावें, तों समोर भलामोठा पडदा आणि कोपऱ्यांत कॅमेरा! आपण हात वर केला कीं पडद्यावर रंगांचे फवारे उडतात. आपण वांकलों कीं पडद्यावरची एक सांवली वांकते. मंडळी खूष होतात, भ्रमणध्वनीवर स्वतःचीं छायाचित्रें काढून घेतात, आणि शरीर कळलें असें समजून घरीं जातात. आमचें स्पष्ट मत असें कीं ही शरीराची जाणीव नव्हे. न्हाव्याच्या दुकानांतल्या आरशापुढची ही हौस आहे. हात वर झाला हें डोळ्यांना कळलें. हाताला काय कळलें? त्याला ना ओझें मिळालें, ना अडथळा. स्नायु व सांधे यांची स्थिति मेंदूला कळविणारी एक स्वतंत्र संवेदना आपल्या अंगांत आहे, आणि तोल सांभाळणारीं इंद्रियें कानाच्या आंतल्या भागांत आहेत. जमीन कलली, दोर ताणला, पाय घसरूं लागला, म्हणजे त्यांची आठवण होते. पडद्यापुढें हात हलविणाऱ्याचें लक्ष त्यांच्याकडे जाण्याचें कारणच पडत नाहीं.

लंडनच्या टेट गॅलरींत १९७१ सालीं याची एकदां परीक्षा होऊन गेली आहे. रॉबर्ट मॉरिस या अमेरिकन शिल्पकारानें तेथें पुतळे मांडण्याऐवजीं प्लायवुडचे उतार, कलणारे ओटे, तोल सांभाळीत चालावयाच्या तुळया, ओढावयाचे दोर आणि दगड असा सगळा पसारा मांडला. लोक चढले, घसरले, लोंबकळले. ज्यांनीं त्या दालनांत आजवर खांकरण्याचेंहि धाडस केलें नव्हतें ते इतके मोकळे सुटले कीं कित्येकांस इजा झाली, सामानाची मोडतोड झाली, आणि आठवडा उलटण्यापूर्वींच अधिकाऱ्यांनीं दारें बंद केलीं. पुढें तेथें मॉरिसच्याच जुन्या कृतींचें, दुरून पाहावयाचें, सभ्य प्रदर्शन लावण्यांत आलें.

यावरून प्रतिष्ठित पक्ष असा निष्कर्ष काढतो कीं संग्रहालय म्हणजे सर्कशीचा तंबू नव्हे. आम्हांस तो मुळींच मान्य नाहीं. जिच्यावरून घसरतांच येत नाहीं अशा तुळईवरून चालतांना तोलाची आठवण कोणाला व्हावी? पण म्हणून मॉरिसची बाजू सर्वस्वीं उचलून धरावी असेंहि नाहीं. खडबडीत लांकडाचीं कुसळें मांडींत शिरलीं तर त्यांत कसलें आलें तत्त्वज्ञान? तो सुतारकामाचा हलगर्जीपणा होय. २००९ सालीं टेट मॉडर्नच्या टर्बाइन हॉलमध्यें तेंच प्रदर्शन सुरक्षिततेच्या नव्या नियमांना धरून पुन्हां उभारलें गेलें. लांकडाला रंधा मारल्यानें कल्पना कांहीं मेली नाहीं.

आमचा खरा आक्षेप निराळाच आहे. जपानांत योरो येथें अराकावा व मॅडेलिन गिन्स या जोडप्यानें १९९५ सालीं चढउतारांची, वांकडीतिकडी अशी एक बाग रचली. हेतु हा कीं पावलापावलाला माणसानें आपला तोल नव्यानें शोधावा. कल्पना उत्तम. परंतु अशा रचनाकारांच्या डोळ्यांपुढें जें शरीर असतें तें बहुधा विशींतल्या धडधाकट तरुणाचें असतें. पन्नाशी उलटलेले आमचे गुडघे, सातव्या महिन्यांतली गर्भवती, कुबडी घेऊन चालणारा विद्यार्थी, यांनीं बाजूला उभें राहून टाळ्या वाजवावयाच्या. वास्तविक शरीराची जाणीव ज्यांना अष्टौप्रहर असते तीं हींच माणसें!

या दृष्टीनें आंद्रेआस हाइनेके यांनीं १९८८ सालीं फ्रँकफुर्टमध्यें सुरू केलेला ‘अंधारांतील संवाद’ हा प्रयोग आम्हांस सर्वांत शहाणपणाचा वाटतो. पूर्ण काळोखाच्या खोल्या, आणि त्यांतून फिरविणारा वाटाड्या अंध. बाहेर ज्याचा हात धरून आपण त्याला रस्ता ओलांडून देतों तो येथें सहज चालतो, आणि डोळस पदवीधर भिंत चांचपीत त्याच्या आवाजामागें जातो. पायाखालीं खडी आहे कीं फरशी, हें तळव्यांना विचारावें लागतें. येथें कोणाला उडी मारून दाखवावयाची नाहीं, आणि दाखविली तरी ती पाहणार कोण?

आमच्या वाचकांस हें सारें परकें वाटण्याचें कारण नाहीं. रायगड पाहिला असें म्हणणारा आणि रायगड चढलों असें म्हणणारा यांतला फरक पोटऱ्यांना पक्का ठाऊक असतो. (रज्जुमार्ग बांधणाऱ्यांचे आमचे गुडघे ऋणी आहेत, तो भाग वेगळा.) तेंच वाचक मुलांस संग्रहालयांत नेतात तेव्हां मात्र ‘हात लावूं नये’ या पाटीखालीं त्यांचे हात मागें बांधून उभे करतात. आतां गांवोगांवीं नवीं दालनें निघत आहेत आणि पडद्यांचे कंत्राटदार चालकांच्या दारीं बसलेले आहेत. चालकांनीं त्यांना थोडें थांबवावें, आणि आधीं एक चांगला सुतार, एक अंध गृहस्थ व एक सत्तरीच्या आजीबाई यांस बोलावून आणावें. तुळई किती उंच असावी हें सुतार सांगेल, काळोख कोठें असावा हें अंध गृहस्थ सांगतील. आणि बसावयाचीं बाकें कोठें मांडावींत हें आजीबाईंनाच विचारावें.