शिवराईवर चढवलेला हिरवा मुलामा

#थ्रेड

गेल्या महिन्यात नाण्यांच्या एका विक्रीगटात एक शिवराई पाहिली. हिरवीगार, जणू आत्ताच ढेकळातून उचललेली. खाली ओळ होती : ‘मावळात नांगरताना सापडलेली, अस्सल.’ मी कान्ह्याची. मावळचे नाव वाचून आधी ऊर भरून आला, मग छायाचित्र मोठे करून पाहिले आणि संताप आला. तो हिरवा रंग नाण्याचा नव्हता, नाण्यावर फासलेला होता.

तांबे जमिनीत पडून राहिले की प्रथम त्यावर तांबड्या ऑक्साइडचा पातळ थर धरतो. त्यावर ओल आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या संयोगाने हिरवा कार्बोनेट साचतो. यालाच आपल्या घरांत कळंक म्हणतात. हे काम दशकांचे, शतकांचे. धातूच झिजून हा थर बनतो, म्हणून तो अक्षरांच्या खाचांत घट्ट बसलेला असतो. मीठ, व्हिनेगर आणि अमोनियाची वाफ यांनी तोच हिरवा रंग काही दिवसांत आणता येतो. पण तो बहुधा भुरभुरीत असतो, उघड्या धातूवर थेट बसतो आणि खाली तांबडा थर सापडत नाही. काही महाभाग तर चक्क रंग लावतात. अॅसिटोनचा बोळा फिरवला की तो कापसावर उतरतो.

हे सारे शिवराईच्याच बाबतीत इतके जिव्हारी का लागते? एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ हा मजकूर महाराजांच्या काळाबरोबर संपला नाही. शिवराया पुढेही पाडल्या जात राहिल्या, पेशवाईत दुदांडी शिवराई आली. ठसे असंख्य, अक्षरवळणे असंख्य. केवळ अक्षरांवरून खरेखोटे ठरवणे अभ्यासकालाही जड जाते. अशा वेळी वजन, झीज आणि पृष्ठभाग हेच साक्षीदार उरतात. त्यांतला एक फितवला की ओतीव नकलेची बुडबुड्यांची भोके आणि बोथट कडा त्या हिरव्या पडद्याआड सुखाने लपतात.

चांदीचा प्रकार वेगळा, लबाडी तीच. १८३५ ते १९३९ या काळातला ११.६६ ग्रॅमचा रुपया ९१.७ टक्के चांदीचा. हवेतल्या गंधकाने त्यावर सल्फाइडचा थर चढतो आणि थराच्या जाडीप्रमाणे रंग क्रमाने बदलतात : पिवळसर सोनेरी, मग किरमिजी-जांभळा, मग निळा. संथपणे चढलेल्या थरात हा क्रम सहसा दिसतो. रंग बऱ्याचदा कडेकडून आत सरकतो आणि अक्षरांच्या आडोशाला फिका राहतो. उकडलेल्या अंड्याच्या बलकासोबत डबीत कोंडलेल्या किंवा गंधकी द्रावात बुडवलेल्या रुपयावर मात्र पुष्कळदा पांढऱ्या चांदीला खेटूनच गर्द निळा डाग दिसतो, मधल्या पायऱ्या गायब. एकाच खुणेवर निकाल देऊ नये, हे खरे. कसबी माणूस क्रमही साधू शकतो.

‘रसायन तेच, मग नैसर्गिक-कृत्रिम हा भेद कशाला?’ असा प्रश्न विक्रेते मोठ्या तोऱ्यात करतात. शाईही तीच असते, म्हणून बनावट सनद खरी ठरते का? चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा केलेला मोडी कागद कोणी दप्तरखान्यात आणला, तर त्याला आपण काय म्हणतो?

पृष्ठभाग किती बोलतो ते पाहा. कान्ह्याहून लोणावळ्याकडे निघाले की कामशेतनंतरचे स्थानक मळवली, तिथून कार्ल्याची लेणी जवळ. तिथे क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने करजिक गाव भिक्षुसंघाला दिल्याचा लेख आहे. आणि त्याच गावाबद्दल मामाल, म्हणजे आपल्या मावळच्या, अमात्याला दिलेली सातवाहन राजाज्ञाही आहे. सत्ता पालटली हे दगड सांगतो. तेच १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला मिळालेल्या सुमारे १३,२५० चांदीच्या नाण्यांनी सांगितले. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर नहपानाच्या मुखवट्यावरच गौतमीपुत्र सातकर्णीचा ठसा मारलेला आहे. ही गोष्ट वाचता आली, कारण खालचा ठसा शाबूत होता.

आता थोडे आपल्या घरात. लक्ष्मीपूजनाला आजीचे राणीछाप रुपये चिंच, रांगोळी, पितांबरीने लख्ख घासले जातात. मीही घासले आहेत, लहानपणी, अभिमानाने. त्याने राणीचे केस सपाट झाले. पण त्यात फसवणूक नव्हती, पूजा होती; आणि ती नाणी कुणाला विकायची नव्हती. संग्राहकाने मात्र हे केले तर त्याला माफी नाही.

आणि ‘नांगरताना सापडली’ या वाक्याबद्दल. दहा रुपयांहून अधिक मूल्याचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. म्हणजे विक्रेता खरे बोलत असेल, तर नाणे विकायच्या आधी त्याला सरकारदरबारी जाब द्यायला हवा. खोटे बोलत असेल, तर तो गिऱ्हाइकाला गंडवतो आहे. तिसरी वाट मला तरी दिसत नाही.

त्या शिवराईखाली मी तीनच प्रश्न लिहिले : गाव कोणते, शेत कोणाचे, कडेचे छायाचित्र मिळेल का? दहा मिनिटांत माझी टिप्पणी पुसली गेली. संध्याकाळी मला गटातून काढले. शिवराई दुसऱ्या दिवशी ‘विकली गेली’.