बसण्यावरचा कर

१४ जुलै २०२५ रोजी 'आहार' या उपाहारगृह-मालकांच्या संघटनेच्या हाकेवरून राज्यातील परमिट रूम आणि बार यांनी एक दिवसाचा बंद पाळला. करवाढीविरुद्धचा हा निषेध दुसऱ्याच दिवशी बहुतेकांच्या विस्मरणात गेला. मद्य विकणाऱ्यांच्या गाऱ्हाण्याविषयी मध्यमवर्गाला फारशी सहानुभूती नसते, आणि ती असावी असा आग्रह कोणी धरण्याचे कारणही नाही. तथापि या वादात एक प्रश्न असा दडलेला आहे, की त्याचा संबंध मालकांच्या नफ्याशी कमी आणि गिरगावसारख्या दाट वस्तीतील घरांशी अधिक आहे.

'आज बसायचे का?' या प्रश्नाचा अर्थ मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. या वाक्प्रचारात पिण्याचा उच्चारही नाही. आहे ती जागा आणि सोबत. चाळीतील एका खोलीत पाच-सहा माणसांचा संसार चालतो. कचेरीतून परतलेल्या माणसाला दोन घटका बसावयाचे तर गॅलरीचा कठडा, वाडीतला ओटा नाही तर कोपऱ्यावरचा इराणी. परमिट रूम ही याच मालिकेतील उशिरा आलेली कडी. मंद दिवे, फिरणारे पंखे, बशीभर चणे, काकडीच्या फोडी, मसाला पापड आणि खिशाला परवडले तर तळलेले बोंबील, एवढ्या भांडवलावर तेथे ओळखीची माणसे तास-दीड तास बोलत बसतात. कोणाला आता पुरे झाले, हे तेथील वेटरला ठाऊक असते. अशा जागेत माणूस एकटा नसतो आणि अगदी बेबंदही नसतो.

या जागेचे नावच मुळी दारूबंदीचे अपत्य आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मद्यपान परवान्यापुरते मर्यादित केले. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी वसंतराव नाईक यांच्या कारकिर्दीत हे निर्बंध सैल झाले, पण कायदा राहिला आणि परवानाही राहिला. मधल्या काळात धोबीतलाव-गिरगाव परिसरात 'आंटी'चे चोरटे अड्डे भरभराटीस आले. बंदीने पिणे थांबले नाही. ते नजरेआड गेले, हा त्या काळाचा धडा होय.

आज बंदी नाही, कर आहे. पण धडा तोच लागू पडतो. १ नोव्हेंबर २०२३ पासून परमिट रूममध्ये बसून घेतलेल्या मद्यावरील मूल्यवर्धित कर ५ टक्क्यांवरून १० टक्के झाला. २०२५ मध्ये परवाना शुल्क १५ टक्क्यांनी वाढले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्कही वाढवण्यात आले. यांपैकी उत्पादन शुल्काचा बोजा दुकानातील बाटलीवर आणि टेबलावरील पेल्यावर सारखाच पडतो. पहिल्या दोन वाढींचा बोजा मात्र बसणाऱ्यावरच पडतो. समजा, दुकानात २०५ रुपयांना मिळणाऱ्या १८० मिलिलिटरसाठी टेबलावर ३०० रुपये आकारले. त्यावर ३० रुपये मूल्यवर्धित कर, आणि बोंबलांवर ५ टक्के वस्तू व सेवा कर वेगळा. म्हणजे मद्याबरोबरच जागेवर आणि सेवेवरही सरकार कर घेते. बाटली पिशवीत घालून घरी नेणाऱ्याला यातले काहीच द्यावे लागत नाही.

मद्याची मागणी किमतीच्या प्रमाणात घटत नाही, हे सरकार जाणते; म्हणूनच जूनच्या वाढीतून वर्षाला १४ हजार कोटी रुपयांच्या जादा उत्पन्नाची अपेक्षा धरण्यात आली. पण मागणी घटली नाही तरी ती जागा बदलू शकते. महागलेल्या टेबलावरचा कारकून दारू सोडत नाही, टेबल सोडतो. मग बाटली उघडते ती दुकानाबाहेरच्या अंधाऱ्या गल्लीत किंवा त्याच एका खोलीत, जेथे मुले अभ्यास करीत असतात आणि 'पुरे' म्हणण्याचे काम वेटरऐवजी पत्नीवर येते. त्याखालच्या पायरीवर तर विषारी दारू उभी असते. २०१५ साली मालवणीत तिने शंभराहून अधिक बळी घेतले.

परमिट रूमचे उदात्तीकरण करण्याचा येथे हेतू नाही. पगाराचा पहिला वाटा तेथेच ठेवून येणाऱ्यांच्या घरी या जागेविषयी चांगला शब्द निघणार नाही, आणि स्त्रियांना तेथे फारसे स्थान कधी नव्हते. महिला मतदारांच्या कौलाने मद्यविक्री बंद करण्याची २००८ ची तरतूद म्हणूनच मोलाची आहे. पण कर लावताना त्याच स्त्रियांचा विचार झाला, असे म्हणता येत नाही.

दुसरीकडे, बसण्याच्या जागाच मुळात आटत आहेत. १९४७ च्या भाडे-नियंत्रण कायद्याने गोठलेल्या भाड्यावर इराण्याचे टेबल एका चहावर तासभर अडवता येत असे. हिऱ्यांचा बाजार २०१० नंतर ऑपेरा हाऊसहून वांद्रे-कुर्ला संकुलाकडे सरकला. ऑक्टोबर २०२५ मध्ये गिरगावात भुयारी मेट्रो आली. जुन्या चाळींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत. त्यांच्या तळमजल्यावरील गाळ्याचे भाडे चणे आणि पापड विकून निघणे कठीण आहे.

अशा वेळी करनीतीने विवेक दाखवावा. मद्यावरील कर त्यातील अल्कोहोलच्या प्रमाणात आणि उत्पादनाच्या ठिकाणीच घ्यावा. जून २०२५ च्या वाढीतून बिअर आणि वाइन वगळण्यात त्या दिशेचे एक पाऊल दिसते. बसण्यावरचा जादा कर टप्प्याटप्प्याने उतरवावा आणि त्याबदल्यात वेळ, वय व खाद्यपदार्थ यांविषयीच्या अटी कसोशीने पाळून घ्याव्यात. तिजोरीत थोडी तूट येईल. ती न सोसल्यास तिची भरपाई चाळीतील ज्या घरांना करावी लागेल, त्यांचा जमाखर्च कोणत्याही अर्थसंकल्पात मांडला जात नाही.