मूळ फाइल कुठे आहे?

भिवंडीच्या न्यायालयाचं नाव गेल्या काही वर्षांत देशभर गेलं ते एका राजकीय खटल्यामुळे. ६ मार्च २०१४ रोजी सोनाळे गावातल्या प्रचारसभेत राहुल गांधी बोलले आणि संघाच्या एका स्थानिक कार्यकर्त्याने अब्रुनुकसानीची फौजदारी तक्रार केली. भाषणात काय होतं यावर चॅनेलवाल्यांनी भरपूर चर्चा केली. मला त्यात फारसा रस नाही. ते भाषण कोर्टात सिद्ध कसं करायचं, हा वाद मात्र आपल्या सगळ्यांच्या कामाचा आहे.

उच्च न्यायालयात याचिका करताना गांधींच्या बाजूने भाषणाची प्रत जोडलेली होती. तक्रारदाराचं म्हणणं असं की प्रत तुम्हीच जोडलीत, मग ती खरी की खोटी ते सांगा. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की आरोपीला एखादा दस्तऐवज कबूल कर किंवा नाकार अशी सक्ती करता येत नाही. पुढे भिवंडीच्या दंडाधिकाऱ्यांनी तीच प्रत पुराव्यात घेतली, तेव्हा जुलै २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने तोही आदेश रद्द केला. आरोप ज्याने केला त्याने तो स्वतःच्या पुराव्यावर सिद्ध करायचा.

आपल्यातल्या बऱ्याच जणांना हा निकाल आवडला. पण तक्रारदार आपण असतो तेव्हाही नियम हाच राहतो, हे सोयीस्करपणे विसरलं जातं. कुठल्यातरी सभेत कोणी आपल्याविरुद्ध विष ओकतं, त्याची तीस सेकंदांची क्लिप रात्रीत दोनशे ग्रुपवर फिरते आणि सकाळी मुलं तीच क्लिप पेनड्राइव्हमध्ये घालून पोलीस ठाण्यात जातात. ती कोणी काढली, कोणत्या फोनवर, पूर्ण रेकॉर्डिंग कुठे आहे, हे कोणालाच माहीत नसतं. ज्याने काढली त्याने बहुतेक वेळा फोनची मेमरी भरली म्हणून ती उडवलेली असते. मग तक्रार टिकली नाही की आपण व्यवस्थेला शिव्या देतो. कधी त्या योग्यही असतात. पण फॉरवर्ड झालेली क्लिप म्हणजे पुरावा, ही समजूत आधी डोक्यातून काढायला हवी.

या बाबतीत देशभर लागू असलेला मोठा निकाल आपल्या जालन्यातून आलेला आहे. २०१४ च्या विधानसभेत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. हरलेले कैलास गोरंट्याल कोर्टात गेले. खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत संपल्यावर दिला गेला, असं त्यांचं म्हणणं होतं. निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनात कॅमेरे होते, चित्रण सरकारकडेच होतं आणि त्याच्या सीडीही मिळाल्या. मिळालं नाही ते कायद्याने मागितलेलं प्रमाणपत्र: हे चित्रण अमुक यंत्रातून, अमुक पद्धतीने घेतलं, यंत्र नीट चालत होतं, असं संबंधित माणसाने सही करून देण्याचं. पुन्हा पुन्हा मागूनही अधिकाऱ्यांनी ते दिलं नाही.

१४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. कॉपी दाखल करायची तर प्रमाणपत्र हवंच, तोंडी साक्षीने ती उणीव भरून निघत नाही. मात्र ज्याने ते मिळवण्यासाठी हातात होतं ते सगळं केलं आणि तरी समोरच्याने दिलं नाही, त्याला त्याची शिक्षा होणार नाही. निवडणूक रद्द करण्याचा उच्च न्यायालयाचा निर्णय कायम राहिला. (तोवर त्या विधानसभेची पाच वर्षं उलटून गेली होती, हेही खरं.) आणि मूळ यंत्रच, म्हणजे तुमचा फोन किंवा लॅपटॉप, मालकाने स्वतः साक्षीला येऊन कोर्टापुढे ठेवला, तर प्रमाणपत्राची गरजच नाही.

१ जुलै २०२४ पासून १८७२ च्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. कलम ६३ नुसार आता प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. एक पक्षकाराने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. दोन्हींत फाइलची हॅश लिहायची. माझ्या रोजच्या कामातली ही गोष्ट कायद्यात आलेली पाहून मला बरं वाटलं. हॅश म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसा. व्हिडिओतला एक ठिपका बदलला तरी सगळा आकडा बदलतो. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला की तो नव्याने दाबला जातो, म्हणजे मूळ फाइलचा ठसा तिथेच पुसला जातो. म्हणून मूळ फाइल ज्या फोनवर आहे तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका.

आपल्या शहरात हे फक्त सभांपुरतं नाही. सूत उधारीवर येतं, ग्रे कापड उधारीवर जातं, आणि सौदा एका व्हॉइस मेसेजवर होतो. शेठने पैसे बुडवले की यंत्रमागवाल्याच्या हातात चलनाचे चिटोरे आणि स्क्रीनशॉट उरतात. दिवाणी दाव्यात निदान तराजू कोणाकडे झुकतो एवढंच पाहतात, पण झुकायला काही वजन तर हवं! कुरआनातली सगळ्यात लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, नमाज-रोज्याबद्दल नाही. ती उधारीच्या व्यवहाराबद्दल आहे: मुदत ठरवून लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, रक्कम लहान असली तरी लिहायचा कंटाळा करू नका. जुम्म्याच्या बयानात ही आयत मी फार कमी वेळा ऐकली.

फौजदारी खटल्यात माप कडक आहे, वाजवी संशयापलीकडे सिद्ध करण्याचं. ते सैल झालं की काय होतं ते ११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांच्या खटल्यात दिसलं. १८० हून अधिक माणसं मेली. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी सुनावली. एरवी पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा ठरत नाही. मकोकात मात्र पोलीस अधीक्षक किंवा वरच्या अधिकाऱ्यापुढचा चालतो, आणि खटला मोठ्या प्रमाणात त्यावरच उभा होता. २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. वेगवेगळ्या आरोपींच्या कबुलीजबाबांत मजकूर जसाच्या तसा सारखा असल्याचं न्यायालयाने दाखवून दिलं. दोन फाइली शेजारी ठेवून फरक शोधणारी साधी कमांड आमच्याकडे नवशिकाही चालवतो. इथे तेवढं व्हायला १९ वर्षं लागली. एक आरोपी त्याआधीच, २०२१ मध्ये, कैदेत वारला. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात बोलावलं नाही. आणि ज्यांची माणसं त्या डब्यांत गेली, त्यांना गुन्हेगार कोण याचं उत्तर अजून मिळालेलं नाही. कच्च्या पुराव्याने त्यांचीही फसवणूकच केली.

म्हणून मोहल्ल्यातल्या मुलांना, विशेषतः संगणक शिकलेल्यांना, माझी मागणी आहे की हॅश काढणं आणि प्रमाणपत्राचा पक्षकाराचा भाग भरणं शिकून घ्या आणि शेजाऱ्याला शिकवा. तज्ज्ञाच्या भागासाठी वकिलाला आधीच विचारा, तारखेच्या आदल्या दिवशी नव्हे. दुकानाच्या सीसीटीव्हीवर जुनं चित्रण काही दिवसांत नव्याखाली जातं. काही घडलं तर त्याच दिवशी दुकानदाराला आणि पोलिसांना ते जपून ठेवण्याचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. कोणाला पोलीस ठाण्यात मारहाण झाली असेल, तर तिथल्या कॅमेऱ्यांसाठीही तसाच अर्ज करा. डिसेंबर २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार ते चित्रण किमान एक वर्ष साठवता यायला हवं. कॅमेरा बंद होता असं उत्तर आलं, तर तेही लेखी मागा.