विश्लेषण : मोझांबिकची तूर, लातूरचा भाव

मुक्त व्यापार करार म्हटला की ब्रिटनची व्हिस्की आणि मोटारींवरचे शुल्क आठवते. नांदेड-लातूरच्या शेतकऱ्याच्या खिशाला मात्र मोझांबिकच्या तुरीचा समझोता जास्त जवळचा आहे.

काय आहे हा समझोता?

2015मध्ये तूरडाळ किलोला 200 रुपयांच्या घरात गेली. पुढच्याच वर्षी भारताने मोझांबिकशी तूर आयातीचा पाच वर्षांचा समझोता केला. 2021मध्ये त्याला मुदतवाढ मिळाली आणि वर्षाला 2 लाख टनांचा आकडा ठरला. त्याच वर्षी मलावीशी 50 हजार आणि म्यानमारशी 1 लाख टन तुरीचे समझोते झाले. हे मुक्त व्यापार करार नव्हेत, पण शुल्कच नसल्याने बाजारावरचा परिणाम तसाच होतो.

अडचण कुठे आहे?

आयातीला सरसकट विरोध बरोबर नाही. डाळ महागली की ग्राहक भरडला जातो आणि कच्चा माल नसेल तर लातूरच्या डाळमिलही थंडावतात. अडचण आहे ती वेळेची. आफ्रिकेतली तूर पावसाळ्याच्या अखेरीपासून बंदरात उतरू लागते. मराठवाड्याची नवी तूर त्यानंतर, डिसेंबर-जानेवारीत बाजार समितीत येते. अशा ऐन हंगामात, जानेवारी 2025मध्ये, केंद्राने शुल्कमुक्त आयातीची मुदत मार्च 2026पर्यंत वाढवली. जूनमध्ये पेरणी करताना हा निर्णय शेतकऱ्याच्या हिशेबात नव्हता.

2016-17मध्ये विक्रमी पीक आले, तेव्हा भाव 5,050 रुपयांच्या हमीभावाखाली घसरले आणि खरेदी केंद्रांबाहेर तुरीची पोती ताटकळली. तो अनुभव मराठवाडा विसरलेला नाही.

काय करायला हवे?

आयातीचे धोरण पेरणीआधी जाहीर व्हावे आणि तूर विकली जाईपर्यंत बदलू नये. नोंदणी केलेल्या शेतकऱ्यांकडून तूर, उडीद आणि मसूर चार वर्षे, जेवढी येईल तेवढी खरेदी करण्याची घोषणा 2025च्या अर्थसंकल्पात झाली आहे. पण केंद्रावर काटा वेळेत लागला नाही, तर गरजवंत शेतकरी आडतीवर मिळेल त्या भावाने माल देऊन मोकळा होतो. म्हणून आवक सुरू होण्याआधी केंद्रे उघडायला हवीत.

परदेशाला पाच वर्षांचा शब्द देता येतो, तर लातूरच्या शेतकऱ्याला निदान एका हंगामाचा शब्द देणे अवघड नसावे.