नव्हाळीचा चहा

मी हर्सूलला राहतो असे सांगितले, की आमच्या छत्रपती संभाजीनगर शहरातली माणसे गालातल्या गालात हसतात आणि विचारतात, "मग सुटलात केव्हा?" त्यांचाही दोष नाही. हर्सूलला मध्यवर्ती कारागृह आहे, आणि गावात एक तुरुंग असला म्हणजे बाकीच्या सगळ्या गोष्टी त्याच्या भिंतीआड जातात. हरसिद्धी देवीचे देऊळ जाते, तलाव जातो, आणि बिचारे आम्ही रहिवासी तर जातोच जातो! वास्तविक आमच्या दारावरून जाणारा रस्ता फुलंब्री, सिल्लोड करीत थेट अजिंठ्याला पोचतो. या रस्त्याने जपानी प्रवाशांच्या गाड्या जाताना मी कितीदा पाहिल्या आहेत. १९१७-१८ साली अराई काम्पो नावाचा जपानी चित्रकार अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी या मुलखात येऊन राहिला होता. तेव्हा जपानचे आणि आमचे जाणेयेणे तसे जुनेच. फक्त ते आजवर आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आलेले नव्हते.

ते आले यंदाच्या मे महिन्यात, एका टपालाच्या खोक्यातून.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे. मराठीच्या तासाला ती मागच्या बाकावर बसून जपानी अक्षरे गिरवीत असे. मी एकदा रागावलोही होतो. पुढे ती जपानी पाहुण्यांना लेणी दाखवू लागली आणि आता तिकडेच, शिझुओकाला, दुभाष्याचे काम करते. मराठीच्या मास्तराची आठवण ठेवून तिने चहाची दोन पाकिटे पाठविली होती. प्रत्येकी शंभर ग्रॅमची. सोबत चिठ्ठी होती: "सर, हा यंदाचा पहिला खुडा आहे. याला इकडे शिन्चा म्हणतात. दोन गोष्टी सांभाळा. पाणी उकळते घालू नका, आणि चहा ठेवून देऊ नका."

आता, वाचकहो, या दोन्ही गोष्टी मराठी घरात किती अवघड आहेत ते तुम्हांला सांगावयाला नको. चहा म्हणजे उकळलेला, आणि चांगली वस्तू म्हणजे ठेवलेली, हे आपल्याला पाळण्यात असल्यापासून ठाऊक असते.

आईने विचारले, "काय म्हनली ती? कसला च्या?"

मी म्हटले, "शिन्चा. शिन् म्हणजे नवा, आणि चा म्हणजे चहा."

"मंग च्याच की!" आई म्हणाली, आणि भाषाशास्त्राचा एक तास तिने दोन शब्दांत उरकला. खरेच आहे ते. चीनमधून निघालेला तो एकच शब्द जपानात 'चा' झाला, इराणातून फिरून हिंदीत 'चाय' झाला आणि आपल्याकडे 'चहा' होऊन बसला. आमच्या खेड्यातला 'च्या' तर त्या मूळ शब्दाच्या चार पावले जवळच असावा!

पहिला चहा सौभाग्यवतीने केला. चिठ्ठी माझ्या खिशात होती, हा माझा अपराध. तिने रीतीप्रमाणे पाणी उकळले, साखर घातली, आले किसले, मुठीने ती हिरवी पाने टाकली आणि वर दूध ओतले. कपात जे उतरले त्याचा रंग शेवाळलेल्या हौदासारखा होता आणि चव मेथीच्या काढ्याची. मुलाने एक घोट घेतला आणि विचारले, "जपानी लोक शिक्षा म्हणून पितात का हो हा?"

मग मी चिठ्ठी काढली, थोडे वाचन केले, आणि मास्तर असल्यामुळे घरच्यांना ते ऐकावेही लागले.

जपानात बौद्ध भिक्षू एइसाइ याने ११९१ साली चीनहून चहाचे बी आणले, असे सांगतात. परंतु आजचा हिरवा सेंचा त्या मानाने अलीकडचा. उजी परिसरातल्या नागातानी सोएन याने १७३८ साली पाने वाफवून, मळून, वाळविण्याची रीत बसविली. खुडलेले पान तसेच राहू दिले तर ते काळे पडत जाते. आपला नेहमीचा चहा अशा काळ्या पडू दिलेल्या पानांचाच असतो. जपानी माणूस खुडल्यावर काही तासांतच पान वाफेवर धरतो, की त्याचा हिरवेपणा जागच्या जागी थांबतो. वसंताची सुरुवात त्यांच्याकडे फेब्रुवारीच्या चार तारखेच्या सुमारास धरतात. तिथून अठ्ठ्याऐंशीवा दिवस मेच्या एक-दोन तारखेला येतो. त्या दिवशी खुडलेला चहा प्याला तर वर्षभर निरोगी राहतात अशी तिकडची समजूत आहे. आणखी एक मौज अशी की त्यांच्या लिपीतले तांदळाचे अक्षर 'आठ, दहा, आठ' या तीन चिन्हांच्या जुळणीचे आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा आकडा शुभ ठरला नाही तरच नवल.

पण मला सर्वांत आवडली ती त्या पानामागची हकिकत. हिवाळाभर चहाचे झाड निजलेले असते. त्या दिवसांत ते आपली पुंजी मुळांपाशी साठवीत राहते. तीत थिआनिन नावाचे एक गोडसर द्रव्य असते. वसंतात पहिली पालवी फुटली की ही सारी शिल्लक त्या कोवळ्या पानांत चढते. पुढे ऊन तापू लागते आणि त्या गोडव्यातून तुरटपणा तयार होत जातो. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या खुड्याला पहिल्याची चव नसते. उकळते पाणी घातले तर तुरटपणा आधी उतरतो. पाणी निवलेले, सत्तर अंशांच्या आसपासचे असले, तर गोडवा पुढे येतो. तीन लहान पेल्यांना पाच-सहा ग्रॅम पाने आणि मिनिटभर दम, एवढेच काय ते शास्त्र.

पाणी निवविण्यासाठी जपानी लोकांकडे एक स्वतंत्र भांडे असते. त्याला ते युझामाशी म्हणतात. या भांड्यातून त्या भांड्यात ओतले की प्रत्येक वेळी दहाएक अंश उतरतात. हे वाचून मी मनाशी हसलो. चहा बशीत ओतून फुर्र करून पिणाऱ्या माणसाला आपण अडाणी समजतो. उद्या कोणी बोलले तर सांगावे, की बशी ही आमची युझामाशी आहे! मात्र हर्सूलच्या मे महिन्यात पाणी निवायलाच तयार होत नाही. तीन बशा झाल्या, पंखा लावला, तेव्हा कुठे ते पाणी जपानी झाले.

त्या दुसऱ्या चहाचा रंग कोवळ्या गव्हाच्या शेतासारखा होता. चव मात्र शब्दांत सांगणे कठीण. आधी कोवळ्या मटाराची आठवण झाली, मग ओल्या गवताची, आणि शेवटी जिभेवर गोडसर असे काही राहिले. ते साखरेचे नव्हते. आपल्याकडे याला एक शब्द आहे: नव्हाळी. मी वर्गात हा शब्द फळ्यावर लिहितो तेव्हा मुलांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागतो. त्या संध्याकाळी तो मला प्यायला मिळाला.

आईने मात्र त्याला हात लावला नाही. "ते हिरवं पानी तुमचं तुम्ही प्या," म्हणाली. आणि दुसरे न फोडलेले पाकीट उचलून आपल्या ट्रंकेत ठेवून आली. "दिवाळीला काढू. चार मानसं येतेत."

मी काही बोललो नाही. का बोललो नाही ते सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आमचे गाव फुलंब्रीच्या पुढे. वडिलांना, म्हणजे आबांना, आयुष्यात एकच व्यसन होते आणि ते चहाचे. २००६ साली मी नोकरीला लागलो, त्या उन्हाळ्यात मुंबईहून त्यांच्यासाठी दार्जिलिंगचा चहा आणला; तोही पहिल्या खुड्याचाच, मार्चमधला. पत्र्याचा देखणा डबा होता, त्यावर डोंगराचे चित्र. पगाराच्या मानाने मला तो परवडणारा नव्हता. आबांनी डबा दोन्ही हातांत धरून पाहिला, झाकणाचा वास घेतला आणि फडताळात वरच्या फळीवर ठेवला. "कोनी मोठं मानूस आलं म्हंजे फोडू."

माणसे आली. तलाठी आले, व्याही आले, एकदा आमदारही ओसरीवर बसून गेले. प्रत्येक वेळी आबा फडताळाकडे पाहात आणि मग म्हणत, "नेहमीचाच टाका." त्यांच्या हिशेबात अजून कोणी पुरेसे मोठे आलेले नव्हते. स्वतः तर ते त्या हिशेबात कधी नव्हतेच. पाच वर्षे तो डोंगर तिथे उभा होता. २०११ साली आबा गेले. तेराव्याला माणूस फार जमले, घरातला चहा संपला, आणि कोणीतरी धावत जाऊन तो डबा फोडला. पाण्याला रंग आला, वास मात्र आला नाही. कडब्याचे पाणी प्यावे तसा तो चहा लोकांनी मुकाट्याने प्याला. आई चुलीपाशी होती. तिने पातेल्यात वाकून पाहिले, वास घेतला आणि पदराने तोंड पुसले. त्यावर आमच्या घरात पुढे कधी कोणी बोलले नाही.

म्हणून मी ट्रंकेकडे पाहात गप्प राहिलो.

मे महिन्याच्या शेवटी एका रात्री उकाड्याने कोणालाच झोप येईना. तलावाकडून वाराही येत नव्हता. थंड पाण्यातही हा चहा उतरतो, असे मी वाचले होते. संध्याकाळीच पहिल्या पाकिटातली शेवटची पाने माठाच्या पाण्यात घालून तांब्या झाकून ठेवला होता. रात्री गाळून सगळ्यांना दिला. आई अंगणात बाजेवर पडली होती. तिलाही भांडे दिले, आणि तहानेपायी असेल, तिने ते घेतले. निम्मे प्याल्यावर थांबली.

"हुरड्यावानी लागतंय रे," ती म्हणाली.

मला आश्चर्य वाटले, कारण नेमके हेच मी शोधीत होतो. गूळभेंडीचे कणीस आगटीत भाजून तळहातावर चोळले की जे कोवळे, दुधाळ, गोड दाणे हातात येतात, त्यांची जात हीच. हुरडाही आठ-दहा दिवसांचाच धनी असतो. दाणा भरत येतो, दुधाचा होतो, आणि पाहता पाहता निबर होऊन ज्वारी बनतो. ज्वारी पेवात वर्षभर राहील. हुरडा उद्यावर टाकता येत नाही. आबा मला हुरडा घेऊन एसटीने वसतिगृहावर येत. ओल्या फडक्यात बांधलेला असे, आणि पोचताच म्हणत, "आत्ताच खा." धान्याच्या बाबतीत त्यांना हे पक्के कळत होते. चहाच्या डब्याच्या बाबतीत का कळले नाही कोण जाणे! कदाचित हुरडा शेतातला होता, आणि डबा मुलाने दिलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेलो तर ओट्यावर दुसरे पाकीट ठेवलेले. आई देवाच्या वाती वळीत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "फोड ते. त्यांच्या डब्यावानी नको व्हायला."

बारा-तेरा वर्षांत त्या डब्याचे नाव प्रथमच निघाले होते.

ते पाकीट जूनचा पहिला पाऊस पडेपर्यंत पुरले. आई रोज सकाळी बशीभर घेत असे. उरलेली पाने जपानी लोक सोयाबीनचे आंबवलेले खारट पाणी शिंपडून खातात, असे मी सांगितले, तर तिने ती कांद्याबरोबर थालिपिठात घातली. मी ते विद्यार्थिनीला फोनवर कळविले. ती मनापासून हसली आणि म्हणाली, "सर, पण तुम्ही ठेवणाऱ्या माणसांना अगदीच नावे ठेवू नका. इथेही चहा ठेवतात."

तिने सांगितलेली गोष्ट मला पुरती नवीन होती. दळून मॅचा करावयाची पाने वसंतात खुडून मातीच्या बरणीत भरीत, तोंड सीलबंद करीत आणि उन्हाळाभर थंड जागी मुरू देत. एके काळी उजीहून अशा बरण्या शोगुनासाठी थेट एदोपर्यंत मिरवणुकीने जात, आणि वाटेत लोक त्यांना वाकून वाट देत. ती बरणी फोडण्याचा समारंभ नोव्हेंबरात असतो, आणि चहाच्या उपासकांचे ते जणू नवे वर्षच.

म्हणजे ठेवण्यात पाप नाही. पेव भरावेच लागते, बियाणे राखावेच लागते. आबांच्या पिढीने राखले म्हणून आम्ही शिकलो. पण त्या बरणीला फोडण्याचा महिना ठरलेला असतो आणि पेवालाही. आबांच्या डब्यावर सगळे लिहिलेले होते, तेवढी फोडण्याची तारीख लिहिलेली नव्हती. आपल्या घरोघरच्या कपाटांत असे किती डबे, किती शालू, किती कपबशा कोणा मोठ्या माणसाची वाट पाहात बसल्या आहेत! आणि ज्याच्यासाठी त्या फोडाव्यात ते माणूस बहुधा घरातच, चुलीपाशी किंवा बाजेवर असते.

दिवाळीला आमच्याकडे फराळाला अवश्य या. चकली आहे, अनारसे आहेत, आणि चहा आले घातलेला, उकळलेला, दुधाचा. जपानी चहा मागू नका, तो संपला. त्याच्या रिकाम्या पाकिटात आईने लवंगा भरल्या आहेत. अगदीच नव्हाळी हवी असेल तर पौषात या. गावाकडे गूळभेंडी पेरलेली आहे. मात्र आधी कळवून या, कारण हुरडा तुमच्यासाठी थांबणार नाही, आणि आता आम्हीही थांबणार नाही.