डोंगर कुणाचा, सही कुणाची?



गडचिरोलीतल्या एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरात लोहखनिज आहे. २००७ साली तिथली ३४८ हेक्टर जमीन लॉयड्स मेटल्सला खाणपट्ट्याने मिळाली. २०२३ साली उत्खननाची मर्यादा वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर गेली. याच डोंगरावर माडिया आदिवासींचा ठाकूरदेव आहे. दर जानेवारीत तिथं यात्रा भरते.

खाणीने माणसं दुभंगली. काहींच्या घरी खाणीचा पगार येतो. काही जण २०२३ साली नव्या खाणींविरुद्ध तोडगट्ट्याला महिनोन्‌महिने ठिय्या देऊन बसले. नोकरी मागणाऱ्याला दलाल म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. जिथं दुसरं काम नाही, तिथं पगाराची ओढ खरीच असते. पण हा पगार बहुतेक पुरुषाच्या हातात पडतो. मोहफुलं, तेंदूपान, सरपण, रानभाजी बाई आणते. जंगल गेलं की तिची ही कमाई जाते, आणि ती मुळात कुठे मोजलेलीच नसल्यामुळे तिची भरपाईही कुणी मांडत नाही.

मग खाण हवी की नको, हे बाईला कोण विचारतं? वनहक्क नियमांत २०१२ साली दुरुस्ती झाली. ग्रामसभेत निम्मे सदस्य हवेत, आणि हजर असलेल्यांत किमान एक-तृतीयांश बाया हव्यात. ओडिशातल्या नियमगिरीच्या बॉक्साइट खाणीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ग्रामसभांपुढे ठेवला, तेव्हा बाराही ग्रामसभांनी नकार दिला. गडचिरोलीतही १९९३ च्या दारूबंदीसाठी बाया पुढे होत्या. बायांना बोलता येत नाही, हे खरं नाही. त्यांना बोलावलं जात नाही.

अमरावती-अकोल्यात बसून आपण हे दूरचं समजू नये. आपल्या मेळघाटात पायविहीरने २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळवला आणि उजाड रान पुन्हा उभं केलं. हक्क कागदावर आला, म्हणून राखणही करता आली.

तेव्हा आपल्या गटांनी आत्तापासून तीन गोष्टी कराव्यात. ग्रामसभेआधीची महिला सभा दर वेळी भरवावी. ठराव आपल्या बोलीत, कोरकूत किंवा गोंडीत, मोठ्याने समजावून घेतल्याशिवाय सही-अंगठा देऊ नये. आणि ठरावाची नक्कल मागून घ्यावी. होय म्हणायचं असो की नाही, ते बाईने समजून म्हटलेलं असावं.

तुमच्या गावच्या रजिस्टरात बायांच्या किती सह्या निघाल्या, ते कळवा. पुढच्या अंकात छापू.